लस, विटाळ आणि वर्गातला एक प्रश्न

मागच्या रांगांमध्ये हजेरीसाठी आणून बसवलेले विद्यार्थी मित्रहो,

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांना आमच्या गावात ‘देवीचे डॉक्टर’ म्हणत. त्यांनी बाळंतपणं केली, सापाचे-विंचवाचे पेशंट वाचवले, पण नाव पडलं ते देवी काढण्यावरून. माझ्या दंडावरचे दोन वण त्यांच्याच हातचे आहेत.

मला दिलेला विषय आहे ‘विद्यापीठातील विद्यार्थी, लस आणि धर्मश्रद्धा’. मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे मी इथे येऊन विज्ञानाची बाजू मांडीन आणि श्रद्धेचा समाचार घेईन अशी अपेक्षा असणार. पण माझ्या नावावर एक चूक आहे. ती आधी सांगतो.

२०१८चा नोव्हेंबर. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाच्या लशीची मोहीम सुरू व्हायची होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना ती टोचायची होती, म्हणून शाळाशाळांत पालकसभा चालल्या होत्या. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला लशींवरच शिकवत होतो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, लशीत डुकराचं काही असतं का? धाकट्या भावाच्या शाळेत देणार आहेत. अम्मी विचारतेय.’ मी हसलो. म्हटलं, ‘व्हॉट्सअपचं विद्यापीठ वेगळं, आपलं वेगळं.’ वर्ग खो खो हसला. ती खाली बसली आणि पुढे वर्षभरात तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही.

आता त्या प्रश्नाचं खरं उत्तर सांगतो. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्या वर्गातल्या त्या हशाच्या जेमतेम तीन महिने आधी, ऑगस्ट २०१८मध्ये, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं एक फतवा काढला होता. विषय होता गोवर-रुबेलाची लस, आणि लस होती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. मांजरी-हडपसरच्या कारखान्यातून निघालेल्या बाटल्या सुमात्रापर्यंत पोचल्या होत्या आणि तिथल्या आयांनी माझ्या विद्यार्थिनीच्या आईचाच प्रश्न विचारला होता. परिषदेनं चौकशी केली आणि सांगितलं, की ही लस तयार करताना डुकरापासून मिळवलेले घटक वापरले जातात, म्हणून ती हराम. पण त्याच फतव्यात पुढे असंही म्हटलं, की दुसरी हलाल लस सध्या उपलब्ध नाही आणि लस न देण्यात मुलांना काय धोका आहे हे तज्ज्ञांनी सांगितलेलं आहे, म्हणून गरजेपोटी ती वापरायला परवानगी आहे.

लोकांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं नाही. त्याच लशीच्या मोहिमेचा पहिला टप्पा २०१७ साली जावा बेटावर झाला होता आणि साडेतीन कोटींच्या आसपास मुलांना लस मिळाली होती. फतव्याच्या वर्षी जावाबाहेरच्या बेटांवर मोहीम अडखळली. आचे प्रांतात तर ती पार झोपली. लशीवरचा विश्वास तिथे एकदा उडाला तो उडालाच. २०२२च्या नोव्हेंबरात त्याच आचेमध्ये पोलिओचा रुग्ण सापडला.

डुक्कर लशीत येतं कुठून, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिकवायला हवं होतं. मी ते शिकवत नव्हतो. गोवराचा विषाणू जिवंत असतो. तो वाळवून पूड करायची, ती पूड उन्हातान्हातून खेड्यापर्यंत न्यायची, आणि तोवर तो मरू नये म्हणून त्याला काहीतरी पांघरूण लागतं. जिलेटिन हे त्यातलं एक पांघरूण. ते जनावरांच्या कातडी-हाडांतून काढतात, अनेकदा डुकराच्या. विषाणू ज्या पेशींवर वाढवतात, त्या काचेपासून सुट्या करायला ट्रिप्सिन वापरतात. तेही बहुतेक वेळा डुकराच्या स्वादुपिंडातून येतं. म्हणजे अम्मी अडाणी नव्हती. तिचा प्रश्न माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा अचूक होता.

आणि बाटलीपुढे उभी राहणारी ती एकटी नव्हती. रुबेलाचा विषाणू ज्या मानवी पेशींवर वाढवतात, त्या १९६०च्या दशकात गर्भपात झालेल्या भ्रूणापासून काढलेल्या आहेत. म्हणून कॅथलिक पालकांनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारला, आणि व्हॅटिकनला २००५ साली व पुन्हा डिसेंबर २०२०मध्ये त्यावर लेखी उत्तर द्यावं लागलं. पर्याय नसेल तर अशी लस घ्यायला हरकत नाही, असं ते उत्तर होतं. वसईतली आणि गोव्यातली पोरं या उत्तराची कात्रणं एकमेकांना पाठवत होती, ते मी पाहिलेलं आहे. जून २०२१मध्ये कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्त आहे अशी बोंब उठली. केंद्राच्या आरोग्य खात्याला खुलासा करावा लागला, की वासराच्या रक्तातला द्रव फक्त पेशी वाढवायला वापरतात, त्या पुढे धुतल्या जातात आणि तयार लशीत तो नसतो. फ्लूची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात हे कळल्यावर माझ्या एका जैन विद्यार्थिनीनं वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. गाय, डुक्कर, अंडं, भ्रूण. एका फ्रिजमध्ये चार धर्मांचे प्रश्न थंड होत असतात आणि आम्ही प्राध्यापक मंडळी ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढंच म्हणत राहतो.

अफवा आणि प्रश्न यांत फरक आहे. अफवेला खुलासा पुरतो. प्रश्नाला उत्तर लागतं, आणि उत्तर देणाऱ्यानं त्या माणसाच्या घरात चालणाऱ्या नाण्यात ते द्यावं लागतं. १९९५ साली कुवेतमध्ये इस्लामी धर्मशास्त्री आणि वैद्यकातले लोक एकत्र बसले. त्यांनी ‘इस्तिहाला’ या जुन्या तत्त्वाचा आधार घेतला. एखादी अपवित्र वस्तू रूप पालटून वेगळीच वस्तू झाली, तर तिची अपवित्रता उरत नाही. दारूचा सिरका झाला की तो चालतो, तसं जिलेटिनचं. हे एक वाक्य मी त्या मुलीला सांगितलं असतं, तर तिच्या आईचं समाधान झालं असतं की नाही कोण जाणे. पण तिला घरी नेण्यासारखं काहीतरी मिळालं असतं. ती वर्गाचा हशा घेऊन गेली.

आपल्या भाषेकडे जरा वळतो, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथे आहे.

मराठीत देवी हे आजाराचं नाव, आजार आणणारीचं नाव आणि आजारावरच्या टोचणीचंही नाव. माणसाला देवी ‘आल्या’, तोंडावर देवीचे वण राहिले, आणि मुलाच्या देवी ‘काढल्या’. असं तिहेरी ओझं वाहणारा शब्द आजाराच्या पुस्तकात दुसरा मिळणार नाही. देवी आलेल्या घरात फोडणी बंद, दाढी बंद, परक्याला उंबरा बंद, अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला. पाहुणी रागावू नये म्हणून सगळं घर हळू बोलायचं. साथरोगाच्या पुस्तकात ज्याला विलगीकरण म्हणतात, ते आजीनं देवीच्या धाकानं चोख पाळलेलं असायचं. तेव्हा श्रद्धा म्हणजे आरोग्याची शत्रू हे समीकरण मला मान्य नाही. श्रद्धा हे वाहन आहे. आत कोण बसलंय ते पाहावं लागतं.

आता ‘लस’ हा शब्द घ्या. जखमेतून झिरपतो तो चिकट पातळ द्रव म्हणजे लस. शहरातल्या मुलांना हा अर्थ ठाऊक नसतो, गावाकडे आजही आहे. तो लशीला का चिकटला? १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली गोस्तनदेवीची लस टोचली गेली. बगदाद-बसऱ्याच्या वाटेनं आलेल्या मालातली तेवढी एक टोचणी लागू पडली. मग तिच्या दंडावर फोड आला, त्यातला द्रव काढला आणि पुढच्या मुलांना टोचला. पुढे कैक वर्षं हाच रिवाज होता. एका पोराच्या दंडातून दुसऱ्या पोराच्या दंडात. ‘लस’ म्हणजे अक्षरशः दुसऱ्याच्या फोडातली लस.

आता विचार करा, १८४०-५०च्या सुमाराच्या एखाद्या घरात, जिथे दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिथे अनोळखी जातीच्या मुलाच्या फोडातला द्रव आपल्या मुलाच्या रक्तात घालायचा होता. नकार आला नसता तरच नवल. गोऱ्या अधिकाऱ्यांना वाटलं, ही लस गाईपासून निघाली, म्हणजे हिंदूंना गोड वाटेल. लस प्राचीन काळापासून शास्त्रात सांगितली आहे, असं दाखवणारे बनावट संस्कृत श्लोकही त्या शतकात प्रचारासाठी फिरवले गेले. लोकांना पटवण्यासाठी धर्माची खोटी नाणी पाडायची ही युक्ती जुनी आहे. ती तेव्हाही फारशी चालली नाही. लोकांचा आक्षेप गाईला नव्हता, मधल्या पोराला होता. पुढे वासराच्या अंगावर लस वाढवू लागले तेव्हा विटाळाचा प्रश्न सुटला आणि वासराच्या हालांचा उभा राहिला. बेळगावला टिळकवाडीत ‘व्हॅक्सिन डेपो’ नावाचं मोठं झाडीचं आवार आजही आहे. सकाळी लोक तिथे फिरायला जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याची देवीची लस तिथे वासरांवर तयार होत असे.

धर्माचा आक्षेप शिक्षणानं आपोआप विरतो, असं मानणाऱ्यांना मी गांधीजींची आठवण करून देतो. विलायतेत शिकलेला बॅरिस्टर. त्यांनी आरोग्यावरच्या लेखांत देवी टोचून घेणं धर्माला आणि नीतीला सोडून आहे असं लिहिलं आणि ते मत सोडलं नाही. १९३० साली साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ आली, मुलं दगावली. ते हलले, पण मत हललं नाही. मला गांधीजींबद्दल अतीव आदर आहे. या एका बाबतीत ते चुकले, आणि ती चूक मुलांना भोवली.

आता उलट बाजूचं चित्र. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. मूळचा ओदेसाचा वाल्डेमार हाफकिन हा ज्यू शास्त्रज्ञ भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत काम करू लागला आणि १० जानेवारी १८९७ला त्यानं आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक भ्यालेले होते. त्या वेळी खोजा मुस्लिमांचे धर्मगुरू आगाखान यांनी सगळ्यांदेखत, एकदा नव्हे अनेकदा, ती टोचून घेतली. प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. त्यांच्या खोजा अनुयायांतले हजारो लोक मागोमाग आले. आगाखानांचं वय तेव्हा विशीच्या आसपास होतं. मागच्या रांगेनं हे लक्षात घ्यावं: आपल्या एसवायच्या पोराएवढा मुलगा.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड गोरे सोल्जर घेऊन घराघरांत घुसत होता, थेट देवघरात आणि स्वयंपाकघरात. २२ जूनच्या रात्री त्याच्यावर गोळी झाडली गेली. दोन्ही शहरांतली माणसं तितकीच धार्मिक होती. मुंबईत त्यांच्यातला माणूस दंड पुढे करून उभा राहिला. पुण्यात बूट उंबरा ओलांडून आले.

लस कधी चुकत नाही असंही मी म्हणणार नाही. १९०२च्या ऑक्टोबरात पंजाबात मुल्कोवालला हाफकिनच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. दोष हाफकिनवर आला, नोकरी गेली, आणि पाच वर्षांनी तो निर्दोष ठरला. मुलं मला विचारतात, ‘सर, काही झालं तर?’ तेव्हा मी मुल्कोवाल सांगतो. लपवलं तर ते कुठूनतरी कळतंच, आणि मग बाकीचं खरंही खोटं वाटू लागतं.

आता २०२१. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ऑक्टोबरात राज्य सरकारनं मोहीम काढली, नाव ‘मिशन कवच कुंडल’, ८ ते १४ ऑक्टोबर, म्हणजे बरोब्बर नवरात्रात. कर्णाची कवचकुंडलं शेवटी त्याच्याजवळ राहिली नव्हती, हे नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. २० तारखेला महाविद्यालयं उघडली, दोन डोस झालेल्यांसाठी. मग २५पासून ‘मिशन युवा स्वास्थ्य’, थेट कॉलेजच्या आवारात. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. एनएसएसच्या मुलांनी मला नोंदणीच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून दिली. तीन वर्षांपूर्वीचा तो हशा डोक्यात होता, म्हणून ठरवलं होतं की या वेळी फक्त ऐकायचं.

काय ऐकलं? ‘देव कोपेल’ असं एकही पोरगं म्हणालं नाही. एकानं विचारलं, उपवास सोडून येऊ का, चक्कर येईल का. एकानं सांगितलं, की मे महिन्यात रोजे चालू होते म्हणून थांबलो होतो. टोचणीनं रोजा तुटत नाही असं मौलानांनी सांगितलं, तोवर गावातली लसच संपली. एक मुलगी वही छातीशी धरून बराच वेळ घुटमळत होती. शेवटी नर्सला हळूच म्हणाली, ‘अडचण आहे, आज घेतलं तर चालतं का?’ एप्रिलमध्ये एक संदेश फिरला होता, की पाळीच्या आधीचे आणि नंतरचे पाच दिवस लस घेऊ नका, प्रतिकारशक्ती कमी असते. सरकारनं तो खोटा असल्याचं लगेच जाहीर केलं होतं. पण त्या संदेशाची कारागिरी बघा. विटाळाच्या जुन्या कल्पनेला प्रतिकारशक्तीचा पांढरा कोट घालून दिला होता. ‘शिवू नको’ म्हटलं असतं तर बीएस्सीची मुलगी उलटून बोलली असती. ‘इम्युनिटी’ म्हटल्यावर तिनं मान डोलावली. आजच्या विद्यापीठातली श्रद्धा बहुतेक वेळा अशीच विज्ञानाच्या वेषात येते आणि आपण तिला ओळखत नाही, कारण आपण अजून लिंबू-मिरची शोधत असतो.

त्या मुलीला नर्सनं सांगितलं, ‘मी स्वतः पाळीतच घेतलाय पहिला डोस.’ मुलीनं बाही वर केली. माझं तीस वर्षांचं सूक्ष्मजीवशास्त्र त्या एका वाक्यापुढे फिकं होतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीबद्दल वेगळं बोललं पाहिजे. तिची गाठ थेट कॉलेजच्या मुलींशी आहे आणि तिथे धर्म ‘संस्कार’ हे नाव घेऊन येतो. ही लस लैंगिक संबंध सुरू व्हायच्या आधी, नऊ ते चौदाच्या वयात दिली तर सर्वांत उपयोगी. एवढं वाक्य पालकसभेत उच्चारलं की शांतता पसरते. ‘आमची मुलगी तसली नाही.’ कर्करोग मुलीचं चारित्र्य विचारून येत नाही, आणि तिचा होणारा नवरा कसा निघेल ते तर कुणालाच ठाऊक नसतं. पण इथेही सगळा दोष पालकांच्या पदरात टाकू नका. २००९-१०मध्ये आंध्र आणि गुजरातेत या लशीची जी चाचणी झाली, तिच्यात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही. पण आंध्रात आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर त्यांच्या आईबापांच्या ऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या, हे मात्र दिसलं. संशयाला याहून सुपीक जमीन कुठली?

विद्यार्थी केवळ समजूत काढण्याच्या यादीतली माणसं नाहीत, याचा दाखला उत्तर प्रदेशात आहे. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले, त्यांतले १२४२ एकट्या उत्तर प्रदेशात. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत दारं बंद होत होती. थेंबांनी मुलगा पुढे बाप होणार नाही, असं बोललं जायचं. हे धर्मग्रंथातून आलं नव्हतं. आणीबाणीतली नसबंदी पाहिलेले आजोबा त्या घरांत अजून होते. तेव्हा युनिसेफनं अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द यांना हाताशी धरलं. तिथली मुलं-मुली गल्ल्यांतून हिंडली, इमामांना भेटली, चहा प्यायली आणि आजोबांचं नसबंदीचं गाऱ्हाणं आधी ऐकून घेतलं. पोलिओच्या दुसऱ्या प्रकारच्या नैसर्गिक विषाणूचा जगातला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९९९मध्ये त्याच अलीगढला सापडला होता. देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा पोलिओ १३ जानेवारी २०११चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ला आपण पोलिओमुक्त ठरलो.

आपल्याकडे २०२२च्या अखेरीस गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवरानं मुलं गेली. त्या गल्ल्यांपासून तासाभराच्या अंतरावर किती महाविद्यालयं आहेत ते मोजा. तिथली किती मुलं आधीच्या वर्षी त्या गल्ल्यांत चहा प्यायला गेली होती, ते मला सांगू नका, मला अंदाज आहे.

इथे बसलेल्या प्राध्यापकांना आणि आरोग्य खात्यातल्या मंडळींना एकच सुचवतो. लशीच्या खोक्यात इंग्रजीतला घडी घातलेला कागद असतो. बारीक अक्षरात आत काय काय आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. त्याचं सोप्या मराठीत आणि उर्दूत भाषांतर करून शिबिराच्या दारावर लावा. जिलेटिन असेल तर जिलेटिन लिहा आणि ते कशाला लागतं तेही लिहा. खाली, धर्मशास्त्र्यांनी त्यावर काय सांगितलंय ते छापा. लपवलेलं डुक्कर शंभर अफवांना जन्म देतं.

वेळ झाली. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. रोजा, उपवास, पाळी, डुक्कर, गाय, जे मनात असेल ते विचारा. मला ठाऊक नसेल तर तसं सांगीन. सभागृहाला फक्त एक विनंती आहे: प्रश्न कुठलाही असो, कुणी हसायचं नाही.